गज दोन बोटं वर

१

एक होतं खोरं, खोऱ्यात एक ओढा, ओढ्याच्या वरच्या अंगाला एक लाकडी घर. घरात दोघी राहायच्या. एक मी, ओर्फा स्टिल्टनर, ऐंशीला टेकलेली. दुसरी माझ्या लेकीची लेक ड्रीमा, नवऱ्याला सोडून आलेली, दिवसभर कागद काळे करणारी. ओढ्याच्या खालच्या अंगाला व्हर्लिन हॅचर राहायचा. जुन्या बंदुका दुरुस्त करायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याची टर उडवायची, हे त्याचे दोन धंदे. आणि आमच्या स्वयंपाकघराच्या दारावर, दोन खुंट्यांवर, माझे आजोबा एसा यांची ठासणीची बंदूक राहायची. तीही घरातलीच म्हणा.

ड्रीमाची कादंबरी त्या बंदुकीचीच होती. एकोणीसशे एकोणीस सालच्या शरदात आमच्या कामवाल्या पोरीला, आयसीला, डोंगरी वाघानं कुरणातून उचलून नेलं आणि आजोबांनी धुक्यात त्याच्यावर बार टाकला, ही गोष्ट. ती माझ्या तोंडून या खोऱ्यातल्या तीन पिढ्यांनी ऐकली आहे. चर्चच्या जेवणांना, शेंगा सोलायच्या बैठकींना, मयताच्या घरी जागताना, लोक म्हणायचे, "ओर्फामावशी, वाघाची सांग." आणि मी सांगायचे.

शहरातल्या प्रकाशकानं पुस्तक घेतलं होतं. खऱ्या घराण्याची खरी गोष्ट असं वेष्टनावर छापायचं ठरलं होतं. एकच अट होती: बंदुकीचा भाग धड नाही, तो महिन्याभरात नीट करून द्या.

ड्रीमानं ते पान व्हर्लिनला वाचायला दिलं. त्यानं चष्मा कपाळावर चढवला.

"अगं पोरी, तुझा खापरपणजोबा इथे लागोपाठ तीन बार काढतोय. ठासणीची बंदूक आहे ती. कोंबडीनं अंडी टाकावीत तशी गोळ्या टाकत नाही."

"मग एक बार भरायला किती वेळ लागतो?"

"मला अर्धं मिनिट. तुला? दुपार."

"मग शिकव. हातानं केल्याशिवाय मला लिहिता यायचं नाही."

"मावशी, हिला सांभाळ हं," व्हर्लिन माझ्याकडे वळून म्हणाला. "पुढच्या पुस्तकात खून असला तर आपली धडगत नाही."

मी हसले. चुलीकडे तोंड करून हसले, हे खरं.

२

रोज दुपारी जेवणं झाली की व्हर्लिन यायचा. खुंटीवरून बंदूक उतरवली की पहिलं काम गजाचं. नळीच्या तोंडातून गज आत सोडायचा. गजावर आजोबांनी चाकूनं एक खूण केलेली आहे. नळी रिकामी असली तर गज तळाला जाऊन टण्णकन वाजतो आणि खूण नळीच्या तोंडाशी बरोबर येते. आत बार असला तर आवाज थप्प येतो आणि खूण दोन बोटं वर उभी राहते. गज बघितल्याशिवाय बंदुकीला पुढे काही करायचं नाही. आमच्या डोंगरात हे मुलांना प्रार्थनेआधी शिकवतात.

मग दारू मोजून ओतायची, चरबी लावलेली चिंधी तोंडावर ठेवायची, तिच्यावर शिशाची गोळी, आणि गजानं खालपर्यंत ठासायची. मागे तांब्याची टोपी बसवायची, घोडा ओढायचा, चाप दाबायचा. कुरणाच्या खालच्या टोकाला व्हर्लिननं फळी उभी केली होती. ड्रीमा एकेक बार टाकायची आणि वहीत लिहून घ्यायची. धूर कुठवर जातो, जिभेवर चव कसली येते, कानात किती वेळ घुमतं.

बार झाले की सगळ्यांनी खाली जाऊन चिंध्या वेचायच्या. गोळीभोवतीची चिंधी पंधरावीस पावलांवर गळून पडते. जाणता माणूस ती हातात घेऊन वाचतो. कडा जळली तर दारू जास्त, मध्ये फाटली तर नळीत खरखर. मला अक्षरं धड येत नाहीत, पण चिंधी मी सातव्या वर्षापासून वाचते.

तिसऱ्या दिवशी पाच बार झाले. आम्ही गादीच्या खोळीचं निळ्या पट्ट्यांचं कापड वापरत होतो. ड्रीमानं चिंध्या वेचून आणल्या आणि पायरीवर एका ओळीत मांडल्या. सहा होत्या.

"तुला मोजता येतं ना गं?" व्हर्लिन म्हणाला. "की ते पण मीच शिकवायचं?"

"ही सहावी आपली नाही. बघ."

सहावी तपकिरी होती, वर बारीक पिवळी फुलं. कडा काळवंडलेल्या, आणि चरबी अजून ओली. व्हर्लिननं ती नाकाशी नेली. "ताजी आहे," तो म्हणाला, आणि पुढचा विनोद त्याला सुचला नाही.

"माझ्या जुन्या गोधडीचा तुकडा असेल," मी म्हणाले. "वाऱ्यानं गेला असेल."

मी तो त्याच्या हातातून घेतला आणि एप्रनच्या खिशात टाकला. तुकडा कोमट होता. माझ्या गोधडीत तसलं कापड कधीच नव्हतं.

३

दुसऱ्या दिवशी व्हर्लिननं गज सोडला. थप्प. खूण दोन बोटं वर.

त्यानं बंदूक आडवी धरली, टोपी नाही हे बघितलं, आणि मग ड्रीमावर असा भडकला की मी त्याला तसं कधी ऐकलं नव्हतं.

"भरलेली टांगलीस? घरात? आजीच्या डोक्यावर?"

"मी नाही भरली! काल तूच धुऊन पुसून टांगलीस!"

"मी टांगली तेव्हा रिकामी होती."

"मग मी काय झोपेत उठून ठासली?"

व्हर्लिननं गजाच्या टोकाला स्क्रू लावला आणि गोळी ओढून काढली. गोळीला तपकिरी चिंधी चिकटून आली. पिवळी फुलं.

तो माझ्याकडे बघायला लागला. ड्रीमाही बघायला लागली. घरात तिसरं कोणी नव्हतं ना.

"माझे हात बघा," मी म्हणाले. "या हातांनी लोणच्याच्या बाटलीचं झाकण निघत नाही, मी गोळी ठासणार?"

"तसं नाही मावशी," व्हर्लिन पुटपुटला. "कोणीतरी चेष्टा करतंय."

मीही स्वतःला तेच सांगितलं. व्हर्लिनच करतोय. चेष्टेखोर मेला. चर्चमध्ये सापाची कात ठेवून त्यानं पाद्र्याला भीतीनं बाकावर चढवलं होतं. त्याला कुठेतरी जुनं कापड मिळालं असेल. असं कापड अख्ख्या काउंटीत एकच का असणार? दुकानात तागेच्या तागे यायचे. हे सगळं मी स्वतःला समजावलं आणि ते सगळं पटण्यासारखं होतं. फक्त चेष्टा करणाऱ्याचा चेहरा मी ओळखते, आणि व्हर्लिनचा चेहरा पांढरा पडला होता.

४

शनिवारी दोघं बंदुकीची दारू आणायला गावात गेली. घरात मी एकटी. सकाळचे अकरा असतील, खिडकीतून लख्ख ऊन टेबलावर पडलेलं. मी खुर्चीवर चढून बंदूक उतरवली. गज सोडला. टण्ण. खूण बरोबर तोंडाशी. रिकामी. गज जागेवर खोचला, बंदूक खुंट्यांवर ठेवली, आणि दाराकडे पाठ करून सुकवायच्या शेंगा दोऱ्यात ओवायला बसले.

घर आपल्या जागी होतं. घड्याळ चालत होतं. चुलीवर डुकराचं हाड शिजत होतं.

मग कापड फाटल्याचा आवाज आला. चर्र. छोटासा, वीतभर चिंधीचा.

उंदीर, मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. सुईत शेंग ओवली.

मग नळीतून गज खाली सरकत जातो तो आवाज. त्या आवाजाला दुसरी उपमा नाही. तो ज्यानं लहानपणी रोज ऐकलाय त्याला तो भिंतीआडूनही कळतो. सावकाश, घाई नाही, हात बसलेल्या माणसासारखा. आणि शेवटी थप्प.

उंदीर चिंधी फाडेल. उंदीर बार ठासत नाही.

मी मागे वळले नाही. हे मला सांगायलाच हवं. ऐंशी वर्षांची बाई, नवरा पुरला, दोन मुलं पुरली, आणि माझी मान वळेना. मी शेंगा ओवत राहिले. टोपलीभर ओवून झाल्यावर दोरा संपला, तेव्हा उठले. बंदूक खुंट्यांवर तशीच होती. खुर्चीवर चढून गज सोडला. खूण दोन बोटं वर.

दोघं परत आली तेव्हा मी सांगायला हवं होतं. व्हर्लिननं दुपारी पुन्हा गोळी ओढून काढली, पुन्हा तसलीच चिंधी निघाली, आणि तो घरी जायला निघाला. मी त्याला मक्याचा पाव बांधून दिला. एवढंच केलं.

५

त्या रविवारी ड्रीमानं मला वाघाचा भाग वाचून दाखवला. तिचे गाल लाल झाले होते.

"आजी, प्रकाशकाला सगळ्यात जास्त काय आवडलं माहीत आहे? डाव्या कानाला खाच असते ते. आणि त्याच्या अंगाला ओल्या राखेसारखा वास येतो ते. तो म्हणाला, असं कोणाला मनानं सुचत नाही. हे बघितलेलंच असतं."

मला चुलीत शिरावंसं वाटलं.

आता ऐका. त्या सकाळी वाघबिघ काही नव्हता.

मी सात वर्षांची होते. आयसी व्हान्स सोळाची, डोंगरापलीकडची, आमच्याकडे कामाला. ती गायची, मला पाठुंगळी घ्यायची. तिच्या फाटक्या एप्रनच्या आम्ही बंदुकीसाठी चिंध्या केल्या होत्या. तपकिरी, पिवळ्या फुलांच्या. कुरणात पडलेल्या चिंध्या वेचून आणायचं काम माझं, कारण चांगली चिंधी गरिबाघरी दोनदा वापरतात. पण त्या दिवशी गवत ओलं होतं, गार होतं, आणि माझ्या हातात काकवी लावलेला गरम मक्याचा पाव होता. मी आयसीला म्हणाले, तू जा ना. ती गेली.

आजोबा ओसरीवर बंदूक घेऊन आले. आदल्या दिवशी तेल दिलेल्या बंदुकीत आधी नुसती टोपी उडवतात, म्हणजे मागचं भोक मोकळं होतं. त्यांनी मला विचारलं, "ओर्फा, गज टाकून बघितलास? रिकामी आहे ना?" तेही माझंच काम. आदल्या संध्याकाळी कोल्ह्यासाठी त्यांनी बार भरला होता आणि कोल्हा आलाच नव्हता. हे ते विसरले होते. गजानं सांगितलं असतं. पण गज टाकायचा तर पाव खाली ठेवावा लागला असता.

मी म्हणाले, "हो आजोबा."

त्यांनी धुक्यात खाली नळी धरली.

आयसीला त्यांनी कुरणाच्या खालच्या टोकाला, शेतातले दगड टाकायच्या ढिगाखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिचा बाप आला, शेरीफचा माणूस आला. आजोबा म्हणाले, वाघानं नेली, मी बार टाकला, लागला नाही. शेरीफच्या माणसाला ते पटलं नव्हतं. त्यानं गुडघ्यावर बसून मला विचारलं, "छकुले, तू काही बघितलंस का गं?"

आजोबांनी मला काही पढवलं नव्हतं. एक अक्षर नाही. मी आपलं आपण सांगितलं. कानाची खाच, ओल्या राखेचा वास, शेपूट गवतावर कसं घासत गेलं ते. सांगता सांगता मला ते दिसायला लागलं. शेरीफच्या माणसानं टोपी काढून छातीशी धरली. आयसीचा बाप ओरडला नाही, खाली बसला.

ती माझी पहिली गोष्ट. चांगली जमली होती.

आजोबा त्यानंतर अकरा वर्षं जगले. माझ्या डोळ्यांत त्यांनी पुन्हा बघितलं नाही. पलीकडच्या दफनभूमीत आयसीच्या नावाचा दगड आहे, खाली कोणी नाही. तिची धाकटी बहीण डेल्फिया दर मे महिन्यात त्याच्यावर फुलं ठेवते. तिलाही मी वाघाची गोष्ट सांगितली आहे. दोनदा. तिनंच मागितली म्हणून.

हे ड्रीमाला कसं सांगायचं? तिचं लग्न मोडलं होतं, शाळेतली नोकरी तिनं सोडली होती, जवळ होतं ते एवढं एक पुस्तक. आणि ते सगळं माझ्या खाच पडलेल्या कानावर उभं होतं. मी म्हणाले, "छान लिहिलंस गं."

६

मंगळवारी धुकं आलं. नऊ वाजून गेले तरी ओढा दिसत नव्हता. व्हर्लिनची पाठ धरली होती, तो येणार नव्हता.

मी कॉफीचा पेला घेऊन ओसरीवर बसले होते. ड्रीमा बंदूक घेऊन बाहेर आली, वही काखेत. रविवारी वाचलेल्या भागात तिला एक वाक्य भरायचं होतं.

"बार नाही टाकत आजी. फक्त टोपी उडवते. खापरपणजोबा उडवायचे ना तशी. आवाज कसा येतो तेवढं बघायचंय." तिनं टोपी बसवली, घोडा ओढला आणि नळी खाली कुरणाकडे धरली. "तू आत्ता दारापाशी होतीस ना? गज टाकून बघितलास? रिकामी आहे ना?"

मी तो बघितला नव्हता. शनिवारपासून मी त्या खुंट्यांखालून मान न उचलता जात होते. नाही म्हटलं असतं तर तिनं कारण विचारलं असतं.

"हो," मी म्हणाले.

देवाची शपथ, माझ्या तोंडून तोच शब्द, तसाच निघाला. कॉफीचा पेलासुद्धा मी खाली ठेवला नाही.

आणि तेव्हा मला कुरणात कोणीतरी दिसलं. फळीच्या अलीकडे, धुकं थोडं विरळ होतं तिथे, एक पाठ वाकलेली होती. चेहरा नाही, केस नाहीत, फक्त पाठ आणि गवतात चाचपणारा एक हात. हाताला काहीतरी सापडलं. तो हात कमरेकडे गेला, चिंधीचा ओला भाग पुसावा तसा दोनदा घासला, आणि पुन्हा गवताकडे आला. सावकाश. घाई नव्हती. आमच्याकडे लक्षच नव्हतं. आम्ही आहोत हे माहीत असलेल्या माणसासारखं, भरवशानं पाठ करून.

मी कशी उठले ते मला ठाऊक नाही. मी नळी खालून वर ढकलली. बार ओसरीच्या छपरातून गेला. लाकडाच्या ढलप्या आमच्या डोक्यावर पडल्या आणि मग कानांत काही राहिलं नाही.

धूर विरला तेव्हा कुरण रिकामं होतं.

मला वाटलं ड्रीमा विचारेल, बंदूक भरलेली कशी. तिचे ओठ हलत होते, मला ऐकू यायला वेळ लागला.

"आजी," ती म्हणत होती, "तिथे कोण होतं?"

मी ओसरीच्या ओल्या पायरीवर बसले आणि तिला सांगितलं. कानाची खाच नाही, वास नाही, शेपूट नाही. पाव, गवत, गज, आणि "हो आजोबा". सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. सत्तर वर्षं मी जी गोष्ट तासतासभर रंगवली, ती खरी एवढीशीच होती.

ड्रीमा रडली नाही. वही तिनं मिटली.

"आणि आत्ता?" ती म्हणाली. "आत्ता मी विचारलं तेव्हा?"

माझ्या सबंध आयुष्यात त्या क्षणाइतकी लाज मला वाटली नाही. सात वर्षांच्या पोरीला एखादवेळ देव माफ करेल.

"ऊठ," ड्रीमा म्हणाली. "कोट घाल. डेल्फियाकडे जायचंय. तू सांगणार आहेस, मी नाही."

७

डेल्फियानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तिला लगेच मरण आलं का?"

"मला माहीत नाही. मी आत पळाले."

"बरं," ती म्हणाली, आणि उठून आत गेली. दार लावलं नाही, पण बाहेरही आली नाही. आम्ही अंधार पडायच्या आत परतलो.

काउंटीची सरकारी माणसं आली. त्यांच्याबरोबर व्हान्सांची माणसं कुदळी घेऊन आली. दगडांच्या ढिगाखाली ती सापडली. काय काय सापडलं ते मी बघितलं नाही, व्हर्लिननं बघितलं. त्याला मी विचारलं नाही आणि त्यानं आपण होऊन सांगितलं नाही. त्याच दिवशी तो बंदूक घेऊन गेला. नळी कापून तिचे तुकडे केले, एवढंच म्हणाला.

प्रकाशकानं पुस्तक परत पाठवलं. खरी गोष्ट नको होती त्यांना, वाघ हवा होता. खोऱ्यात लोक माझ्याकडे बघून बोलणं थांबवायचे. चर्चमध्ये बाकावर माझ्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहायची. ते बरोबरच होतं. हिवाळाभर आमच्या घराचं दार कोणी वाजवलं नाही.

मार्चमध्ये वाजलं. डेल्फियाचा नातू लॉन्झो, गवंडी, तीस-पस्तिशीचा, हातात शिडी.

"आजीनं पाठवलंय," तो म्हणाला. "छपराला भोक पडलंय म्हणे तुमच्या. पावसाआधी बुजवून ये म्हणाली."

"तिनं असं का म्हटलं?" मी विचारलं.

"मला कुठे सांगते ती! मी विचारलं तर म्हणाली, तू शिडी उचल आणि तोंड बंद ठेव." तो आत डोकावला. "कॉफी आहे का? तोंड बंद ठेवायची मजुरी वेगळी असते."

ड्रीमा हसली. नोव्हेंबरपासून पहिल्यांदा. छपराला एक दिवसाचं काम होतं, त्यानं नऊ दिवस लावले.

पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं. ओढ्याकाठी टेबलं मांडली, व्हान्सांकडची चाळीस माणसं आली, सुकवलेल्या सफरचंदांचे थरांचे केक आले, आणि व्हर्लिननं नवऱ्या मुलाला सांगितलं की बायकोला मोजता येत नाही, जपून रहा. ड्रीमानं पुस्तक नव्यानं लिहिलं, पातळ, वाघाशिवाय. ते एका छोट्या छापखान्यानं काढलं. पहिली प्रत ती स्वतः पलीकडे डेल्फियाला देऊन आली.

या एप्रिलात तिला मुलगी झाली. मी त्या लेकराला लांबूनच बघत होते. दारातून. मला कोणी अडवलं नव्हतं, माझीच हिंमत नव्हती. बारशाच्या जेवणाला सगळं घर भरलं होतं आणि मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर हात मांडीत घेऊन बसले होते. डेल्फिया पणतीला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालत होती. ती माझ्यापुढे येऊन थांबली.

"घे गं, ओर्फा," ती म्हणाली. "माझे हात भरून आले."

आणि तिनं ती पोर माझ्या मांडीवर ठेवली. एवढं भाग्य आमच्या घराला आलं. मी ते दोन्ही हातांनी धरलं, आणि मान काही वर केली नाही.